श्याम गावाला गेला तेव्हा

डाउन सिंड्रोम असलेली पूर्णिमा जागडे टाळेबंदीआधी वारज्याहून रोज एकटी बस पकडायची. कोथरूडच्या कार्यशाळेत कागदी पिशव्या करायची, खिडकीच्या जागेसाठी कॉलेजच्या पोरांशी हुज्जत घालायची. वय पस्तिशीपुढं, पण बसमध्ये तिला कुणी बाळ म्हटलं की खवळायची. टाळेबंदीत ती कार्यशाळा बंद पडली आणि पुन्हा उघडलीच नाही.

उरला तो ऑनलाइन नाचाचा व्यायाम. नम्रता मॅडम मोबाइलवर "हात वर, आता गिरकी!" म्हणायच्या आणि पूर्णिमासारखीच मोठी झालेली मुलंमुली आपापल्या घरांतून नाचायची. पूर्णिमाच्या वाट्याला पलंग आणि कपाट यांच्यामधली चिंचोळी जागा होती. गिरकी घेतली की कोपर कपाटावर आपटायचं. भिंतीपलीकडून धाकटा भाऊ दिग्विजय ओरडायचा, "ताई, हळू ना! माझी मीटिंग चालू आहे."

तिच्या वर्गात श्याम होता. सगळे उजवीकडे वळले की हा डावीकडे वळायचा. शेवटी कॅमेऱ्याला नाक लावून म्हणायचा, "पूर्णिमा, उद्या ये हं!" जणू काही ती कुठं दुसरीकडे जाणार होती.

एके दिवशी श्याम दिसला नाही. मॅडम म्हणाल्या, "तो गावाला गेलाय."

पुढं शहर उघडलं. दिग्विजय हिंजवडीला ऑफिसात जायला लागला, खाली पोरं खेळायला लागली. पूर्णिमाची आई द्वारकाबाई मात्र आतून कुलूप लावून किल्ली कमरेला खोचायच्या. एकदा पूर्णिमा गुपचूप स्टॉपपर्यंत गेली होती, तिला तिथून ओढत आणल्यापासूनचं हे कुलूप.

एका सकाळी व्यायाम संपल्यावर पूर्णिमा दाराला पाठ लावून बसली.

"श्याम गावाला जातो. मी स्टॉपवरपण नाही?"

"ऊठ, जेवायला चल."

"त्याची आई सोडते. तू सोडत नाहीस. तू वाईट आहेस."

द्वारकाबाई तिच्यासमोर खाली फरशीवरच बसल्या. "श्याम गावाला नाही गेला गं. कोरोनानं गेला तो. दवाखान्यात."

पूर्णिमानं आईच्या तोंडाकडे बघितलं. "मेला?"

"हो."

"मॅडम खोटं बोलल्या. तू पण."

"डॉक्टर म्हणाले होते, तुम्हा मुलांना जास्त धोका. तुला काही झालं असतं तर मी काय केलं असतं?"

संध्याकाळी दिग्विजय आईला म्हणाला, "अगं, तिच्या दोन्ही लसी झाल्यात. किती दिवस कोंडून ठेवणार?"

"तू सकाळी बॅग उचलून जातोस. तुला बोलायला काय जातंय?"

पूर्णिमानं तेवढ्यात विचारलं, "कोरोना गेला की दार उघडशील?"

"उघडीन."

"आणि माझं डाउन? ते नाही ना जाणार?"

द्वारकाबाई उठून गॅसपाशी गेल्या.

दुसऱ्या दिवशी गाणं सुरू व्हायच्या आत पूर्णिमानं सगळ्यांना सांगून टाकलं, "श्याम मेला. तो गावाला नाही." घराघरांतून आयांचे हात घाईघाईनं आवाज बंद करायला पुढं आले. नम्रता मॅडमचा चेहरा पडला. तेवढ्यात बिबवेवाडीचा सुदर्शन म्हणाला, "मला माहिताय. मी रडलो. मला सांगू नको म्हणाले." मग निकिता रडली, मग आणखी कुणी. मॅडमनी त्या दिवशी गाणं लावलं नाही. म्हणाल्या, "चुकलं माझं. मी सांगायला हवं होतं."

त्यानंतर द्वारकाबाई तिला रोज संध्याकाळी खाली नेतात, मनगट धरून. फाटकापर्यंत जायचं आणि परत यायचं. फाटकाशी पूर्णिमा पाय रोवून उभी राहते, रस्त्याकडे बघत.

"चल आता," आई म्हणते.

"आज पलीकडे?"

"बघू."

"बघू म्हणजे नाही," पूर्णिमा म्हणते आणि वळते.