दारात आलेली पोरं

सुमित्रा घांगुर्डेच्या घरून कोणी उपाशी परत गेलंय, असं अमेरिकेतल्या त्या नेपरव्हिल गावात कधी घडलं नव्हतं. शिकायला आलेला नवा मुलगा असो की बर्फात गाडी अडकलेला अनोळखी गोरा, आधी खाणं, मग बोलणं. तिचा नवरा श्रीरंग चेष्टेने म्हणायचा, "चोर आला तरी ही विचारेल, चहात साखर किती?" पुढे अगदी तसंच झालं.

१९८६च्या जानेवारीत त्यांचा मुलगा प्रसन्न कॉलेजच्या एका फ्रॅटर्निटीत शिरायला गेला. फ्रॅटर्निटी म्हणजे एका घरात राहणारी आणि स्वतःला एकमेकांचे भाऊ म्हणवणारी पोरं. भाऊ करून घेण्याआधी नव्या पोराचे हाल करायचे, ही त्यांची रीत. मेल्यांनी प्रसन्नला दारू पाजली, कोट आणि हातमोजे काढून घेतले आणि गावाबाहेर बर्फात सोडून दिलं. चालत परत ये, म्हणाले. तो सकाळी सापडला. जीव वाचला, पण उजव्या हाताची बोटं कापावी लागली.

सुमित्राने एकच ध्यास घेतला: ते घर बंद झालं पाहिजे, दुसऱ्या कोणाचं पोर तिथे जाता कामा नये. कॉलेजच्या शिस्तसमितीने मनात आणलं तर फ्रॅटर्निटीला कायमचं टाळं लागणार होतं. सुनावणीचा दिवसही ठरला.

त्याच्या आदल्या रविवारी दुपारी बेल वाजली. दारात ती पोरं उभी होती, टाय लावून, फुलं घेऊन. त्यांचा अध्यक्ष रडत होता. "वी आर सो सॉरी, मिसेस घांगुर्डे." सुमित्राला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. पण बाहेर बर्फ पडत होता, जेवायची वेळ होती, आणि दारात आलेल्याला तसंच कसं घालवायचं हे तिला कोणी शिकवलंच नव्हतं. तिने दात-ओठ खात पुऱ्या तळल्या. एकाने तर पुन्हा मागून घेतल्या. प्रसन्न वर आपल्या खोलीत दार लावून बसला होता.

सुनावणीत त्या पोरांचा अध्यक्ष उठून म्हणाला, "मिसेस घांगुर्डेंनी आम्हाला घरात घेतलं, स्वतःच्या हाताने करून जेवू घातलं. त्यांनी आम्हाला माफ केलंय."

"हे खरं आहे?" समितीचे प्रमुख असलेल्या डीननी सुमित्राला विचारलं.

"जेवायला घातलं, हो. पण माफ नाही केलं! आमच्याकडे दारात आलेल्याला..."

"फार मोठं मन आहे तुमचं," डीन हसून म्हणाले आणि कागदावर काहीतरी लिहू लागले.

निकाल लागला: एक सेमिस्टर पार्ट्या बंद. बस्स. घर उघडंच राहिलं. शिक्षा सौम्य का, तर कुटुंबाने दाखवलेला मनाचा मोठेपणा. जळो तो मोठेपणा!

परतताना गाडीत प्रसन्न एवढंच म्हणाला, "यू फेड देम, आई."

"अरे, दारात आले होते..."

त्या वर्षी ओळखीतली शरयू तिच्याकडे मराठी मंडळाच्या गणपतीचं आमंत्रण द्यायला आली, तेव्हा सुमित्राने जाळीच्या दाराआडूनच ऐकून घेतलं. आत ये म्हणाली नाही, पाणीही विचारलं नाही. "सुमित्रा अगदी अमेरिकन झाली हं," असं शरयू सगळीकडे सांगत सुटली.

सुमित्रा दार लावून आत गेली. टेबलाशी प्रसन्न थांबला होता. त्याची पोळी तोडून द्यायची राहिली होती.