हो म्हणायला दोन बटणं

"नको. पुढं."

हे काकांचं उत्तर होतं आणि ते कशालाही चालायचं. शिपाई चहा घेऊन आला की "नको. पुढं." लग्नाच्या पंगतीत वाढपी जिलबीची परात घेऊन आला की पानावर पंजा आडवा धरून "नको. पुढं." एकदा कंपनीच्या सहलीचा कागद टेबलाटेबलावरून फिरत त्यांच्यापर्यंत आला, तेव्हाही त्यांनी वर न पाहता हेच सांगितलं. नकार देऊन माणसाला ताटकळत न ठेवणारी अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आमच्या कचेरीत ते एकटेच तसे होते.

जालन्यातली बियाण्याची कंपनी. मी उगवण चाचणीच्या खोलीत होते. ओल्या कागदावर शंभर दाणे मांडायचे, गुंडाळी करून ठेवायची, आठवड्यानं उलगडून कोंब मोजायचे. ब्याण्णव उगवले तर ब्याण्णवच लिहायचे, त्र्याण्णव नाही. या कामात मी फार काटेकोर होते आणि तोऱ्यात सांगायचेही. शेजारच्या खोलीत काका बसत. कुंभार पिंपळगावपासून जाफराबादपर्यंत कोणत्या गावात कुणाच्या रानात आमचा बीजप्लॉट आहे, हे सगळं त्यांनी कॉम्प्युटरात घातलं होतं. कंपनीतला पहिला कॉम्प्युटर त्यांनीच खोक्यातून काढला होता.

मग त्यांचे डोळे जायला लागले. कडेकडेनं अंधार आत सरकत येतो असा तो आजार. औरंगाबादच्या डॉक्टरांनी सांगितलं, औषध नाही. आधी ते दाराच्या चौकटीला धडकायला लागले, मग पडद्याला नाक लावून वाचायला लागले, मग तेही दिसेना. आम्ही सगळे पाहत होतो आणि कुणीच काही बोलत नव्हतो. शेवटी साहेब बोलले. साहेब वाईट नव्हते. ते म्हणाले, दसऱ्याच्या आत मला दाखवा की कुणाच्या मदतीशिवाय तुम्ही एखाद्या प्लॉटची नोंद काढू शकता. दाखवलंत तर जागा तुमची. नाहीतर घरी आराम करा.

काकांनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी पुण्याच्या भाच्याकडून एक पेटी मागवली. वितीएवढी, मागं वायर. पडद्यावरची अक्षरं ती इंग्रजीत मोठ्यानं वाचायची, तीही परदेशी माणसाच्या नाकातल्या आवाजात. साहेबांनी नव्या मशीनला ती लावू दिली नाही. गोदामात टाकून दिलेलं तीनशे शहाऐंशी जातीचं जुनं मशीन मात्र घ्या म्हणाले.

काकांना साधी पेटी चालवायची नव्हती. मशीन सुरू होतानाच तिनं बोलायला हवं होतं. त्यासाठी मासिकासोबत आलेल्या सीडीवरून लिनक्स घालायचं आणि त्याचा गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, तो या मशीनसाठी नव्यानं तयार करायचा, बोलण्याची सोय त्यातच घालून. मी विचारलं, एवढा खटाटोप कशाला? ते म्हणाले, "मशीन बंद पडलं तर काय लिहून आलं, हे मला कुणाला विचारायचं न्हाई. विचारावं लागलं की संपलं."

कर्नल म्हणजे काय हे त्यांनी मला माझ्याच भाषेत सांगितलं. बियातला कोंब म्हणजे कर्नल, आणि प्रोसेसर म्हणजे रान. काळ्या रानाचं वाण मुरमाड रानात पेरलं तर येईल का? मग आधी रान विचारायचं. मशीन कोणत्या जातीचं, त्यात काय आहे, काय नाही, असे शेकडो प्रश्न एकामागून एक पडद्यावर येतात आणि प्रत्येकाला हो किंवा नको सांगायचं. मागं जाता येत नाही. एक उत्तर चुकलं की पुन्हा पहिल्यापासून.

पडदा वाचायला त्यांनी मला विचारलं. जुन्या मशीनवर कर्नल तयार व्हायला दिवसच्या दिवस गेले असते, म्हणून रविवारी कचेरी बंद असताना ते आपली डिस्क नव्या मशीनला जोडायचे. तयार झालेला कर्नल फ्लॉपीवर घेऊन जुन्या मशीनमध्ये घालायचा. काकू डबा घेऊन येत आणि दाराशी बसून गहू निवडत. मी प्रश्न वाचायचे.

"हौशी रेडिओ पाहिजे का?"

"नको. पुढं."

जॉयस्टिक? नको, पुढं. तिकडच्या देशातलं कसलंसं कार्ड? नको, पुढं. काही न सांगता नुसतं एंटर दाबलं की मशीन आपल्या मनानं उत्तर धरायचं, आणि ते बहुतेक वेळा नकोच असायचं. त्यामुळं माझं बोट एंटरवरून उठेनासं झालं होतं.

सुरुवातीच्या प्रश्नांत एक प्रश्न गणिताचा होता. तिथं आले की काका हात वर करून मला थांबवायचे. नव्या मशीनमध्ये अपूर्णांकाची गणितं करणारी चिप आतच असते. जुन्यात त्या चिपची जागा रिकामी होती. ती नसेल तर कर्नलनं ते काम स्वतः ओढावं, असं आधी सांगून ठेवावं लागतं. "ह्याला हो म्हणायचं ताई. एवढं एक विसरायचं न्हाई," ते दोन्ही वेळा म्हणाले.

दोन्ही वेळा म्हणजे पहिल्या दोन रविवारी. पहिल्या रविवारी निम्म्यात लाइट गेली आणि सगळी उत्तरं पुसली गेली. दुसऱ्या रविवारी जवळजवळ संपत आलं असताना गेली. काकू म्हणाल्या, सोडून द्या आता. काका म्हणाले, आमचा आजा दिवस बुडाल्यावर मेंढरं आवाजावर ओळखायचा, कोणतं आलं न् कोणतं राहिलं ते न मोजता सांगायचा, मंग मला का जमणार न्हाई? काकूंनी सूप उचललं आणि पुन्हा गहू पाखडायला लागल्या.

तिसरा रविवार दसऱ्याच्या आधीचा शेवटचा. लाइट आली तीन वाजता. मला साडेपाचच्या एस.टी.नं अंबडला जायचं होतं, धाकट्या बहिणीला पाहायला पाहुणे येणार होते. आता तुम्ही म्हणाल, त्यात काय. मीही तेच म्हटलं. सुरुवातीचे प्रश्न तर दोनदा झालेले, तेच ते. मी एक प्रश्न वाचायचे आणि मधले एकदोन न वाचताच एंटर दाबून पुढं ढकलायचे. काका टेबलाच्या कडेला बोटं टेकवून, मान खाली घालून ऐकत होते. त्यांनी एकदाही अडवलं नाही. मला साडेपाचची गाडी मिळाली.

सोमवारी दुपारी त्यांनी जुन्या मशीनमध्ये फ्लॉपी घातली. पंखा फिरला. पडद्यावर ओळी धावल्या आणि थांबल्या. पेटी गप्प.

"काय लिहून आलं ताई?"

लिहून आलं होतं. स्वच्छ इंग्रजीत. गणिताची चिप सापडली नाही, तिच्या बदल्यात काही सोयही नाही, आणि शेवटचे दोन शब्द, गिव्हिंग अप. म्हणजे मी हात टेकले. वाचताक्षणी मला कळलं की चूक कुणाची.

"काहीच न्हाई काका," मी म्हटलं. "काळा पडलाय नुसता."

का म्हटलं? मी पुष्कळदा स्वतःला विचारलं आहे. ब्याण्णवचे त्र्याण्णव न करणारी मी, मला लाज वाटली एवढंच खरं. वाटलं, रात्रीतून काही सुचेल, उद्या सांगू. आणि उद्या तर ते आणखी अवघड झालं.

ते दोन दिवस मला आजही नकोसे होतात. काकांनी मशीन उघडलं. आतल्या पट्ट्या एकेक करून बाहेर काढल्या, त्यांचे दात खोडरबरानं घासले, फुंकर मारून परत बसवल्या. पेटीची वायर उलटसुलट करून पाहिली. सगळं हातानं चाचपून. एका पट्टीच्या कडेनं बोट कापलं तर ते चोखत दुसऱ्या हातानं काम चाललंच होतं. प्रत्येक वेळी मशीन सुरू करून ते माझ्याकडं तोंड करायचे आणि विचारायचे, "आता?" मी म्हणायचे, काळाच. तीच ओळ माझ्यासमोर उभी असायची. मंगळवारी संध्याकाळपर्यंत हे त्यांनी किती वेळा विचारलं याची मोजदाद मी ठेवली नाही. दुसऱ्याच्या रानातले दाणे मोजणं सोपं असतं.

बुधवारी साहेब आले. काकांनी सदरा इस्त्रीचा घातला होता आणि मदतीशिवाय दाखवायचं म्हणून पडदा बंदच ठेवला होता. बटण दाबलं, पंखा फिरला, पेटी बोलली नाही. साहेबांनी बराच वेळ वाट पाहिली. मी दाराशी उभी होते. एक वाक्य बोलले असते तर साहेबांनी आणखी एक रविवार दिला असता, असे ते होते.

"आमच्याच्यानं न्हाई झालं साहेब," काका म्हणाले. "चूक माझी है."

शाल, नारळ आणि ते जुनं मशीन देऊन त्यांना निरोप दिला. ते काकूंबरोबर जाफराबादकडच्या आपल्या गावी गेले.

मी चार महिने झोपेत प्रश्न वाचत होते. मग एका माहितगाराला धरून रविवारी बसले, प्रत्येक प्रश्न मोठ्यानं वाचला, आणि बोलणारा कर्नल फ्लॉपीवर घेऊन त्यांच्या गावी गेले. गावात लाइट नव्हती. मशीन खोलीच्या कोपऱ्यात धुतलेल्या चादरीखाली झाकून ठेवलेलं होतं. लाइट येण्याची वाट पाहत आम्ही ओट्यावर बसलो आणि तिथं मी सगळं सांगून टाकलं. सांगताना रडलेही.

काका मला पुरतं बोलू देऊन म्हणाले, "मला माहीत व्हतं ताई. हो म्हणायला दोन बटणं लागतात. एक हो-चं, एक एंटरचं. गणिताच्या जागी एकच वाजलं."

मी विचारलं, मग तेव्हाच बोलला का नाहीत?

"काय बोलायचं? मी म्हणलो असतो दाबलं न्हाई, तुम्ही म्हणल्या असत्या दाबलं. आंधळ्यानं दाखवायचं कसं? अन् तुम्ही रुसल्या असत्या तर वाचाय कोण व्हतं? दोन दिस घासत बसलो ते कशासाठी वाटलं तुम्हाला? म्हटलं, ताईला टाइम देऊ. सांगतील."

काकूंनी चहा आणला. मी सांगितलं की या वेळी गणिताला हो म्हटलंय, दोन बटणं दाबून. ते "बरं" म्हणाले आणि फ्लॉपी हातात घेऊन तिच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिले. शेवटची जीप निघायची वेळ झाली तरी लाइट आली नाही. मी उठले तेव्हा त्यांनी विचारलं, "बोललं न्हाई तर येताल ना?"

"येते ना काका," मी म्हटलं.

गेले नाही. लग्न झालं, मी परभणीला आले, मूल झालं. त्यांच्या शेजाऱ्याचा फोन नंबर लिहिलेला कागद हरवला, असं मी नवऱ्याला सांगायचे. खरं म्हणजे मला वाटायचं, बोलत असेल. बोलत नसतं तर त्यांनी निरोप पाठवला असता. अशी सोयीची समजूत घालून घ्यायला मला चांगलं येतं, हे तुम्ही पाहिलंच आहे.

तीन वर्षांनी जालन्याच्या बसस्टँडवर कचेरीतला जुना शिपाई भेटला. म्हणाला, काका पोळ्याच्या आसपास गेले. मी दुसऱ्याच दिवशी जाफराबादची गाडी धरली.

काकू ओट्यावरच होत्या. मशीन कोपऱ्यात, चादरीखाली. मी विचारलं, बोलायचं का हे?

"कुठं? तुम्ही गेल्यावर लाइट आल्ती, तव्हा लावलं. गपच. पडद्यावर काहीतरी आल्तं, मला कुठं वाचता येतं? एक दिस बसले न् हात काढून घेतला. म्हणले, ताईकडून पुन्हा काही सुटलं असंल. येतील त्या, सांगतील. टाइम देऊ." काकू चादर बाजूला करत म्हणाल्या, "रोज पुसायचे मात्र."

मी बटण दाबलं. फ्लॉपी तशीच आत होती. पडद्यावर दोन ओळी आल्या आणि मशीन थांबलं. आतला सेल उतरला आहे. पुढे जाण्यासाठी एफ-वन दाबा.

महिनोन्‌महिने बंद राहिलेल्या मशीनचं असं होतं, आणि ही कर्नल उठायच्याही आधीची गोष्ट. तिथं पेटी बोलू शकत नाही, तिथं कुणीतरी वाचूनच सांगावं लागतं. माझ्याकडून या वेळी काहीच सुटलं नव्हतं. पण एकदा सुटलं होतं, म्हणून त्यांनी दोष मशीनमध्ये शोधला नाही. ते माझी वाट पाहत बसले.

मी ती ओळ मोठ्यानं वाचली. मग एफ-वन दाबलं.

फ्लॉपी घरघरली. बराच वेळ काही नाही, आणि मग कोपऱ्यातली पेटी नाकातल्या आवाजात बोलायला लागली. एकामागून एक ओळी, न थांबता. काकू दचकल्या आणि माझा हात धरला. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "एवढंच दाबायचं व्हतं का ताई?"

मशीन बिघडलं होतं, कुणालाच जमलं नसतं, असं सांगता आलं असतं. काकूंना वाचता येत नव्हतं.

"हो काकू," मी म्हटलं. "एवढंच."

त्यांनी माझा हात सोडला. पेटीजवळ जमिनीवर मांडी घालून बसल्या आणि ती बोलायची थांबेपर्यंत ऐकत राहिल्या.