पडद्यावरच्या उभ्या रेघा

माझ्या बायकोच्या डोळ्यांना काही झालेलं नाही, हे डॉक्टरांच्या आधी मला ठाऊक होतं. आजवर मी हे कुणालाच सांगितलेलं नाही. मी मुळातच कमी बोलणारा. गप्प राहणं मला जड जात नाही, म्हणून तर ते इतकं लांबलं.

परभणीत माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. डब्ब्याचे टीव्ही आता कुणी आणत नाही. कॅमेरे बसवून देतो, इन्व्हर्टर बघतो, पण हात मूळचा टीव्हीचाच. लोकांच्या घरातलं चित्र साफ करून देणं, एवढं एक काम मला आयुष्यात धड जमलं.

बायकोचं माहेर पिंगळी. तिला एकच भाऊ, तिच्याहून लहान. तिथंच पिठाची गिरणी चालवतो. दर भाऊबीजेला तो आमच्याकडे यायचा आणि पिशवीतून दोघांच्या लहानपणीचा टीव्ही गेम आणायचा. खेळ ठरलेला, टँकचा. विटांच्या आड एक पक्षी बसलेला असतो, दोघांनी मिळून त्याला शत्रूच्या टँकांपासून वाचवायचं. ओवाळणं झालं, जेवणं झाली, की दोघं टीव्हीपुढं मांडी घालून बसत ते दिवेलागणीपर्यंत.

एरवी घरात ती माझ्याशी मोजकं बोलते. भाजी काय आणायची, गॅस संपायला आला. दोष तिचा नाही. मी विचारतो तेवढंच ती सांगते. पण भावाजवळ बसली की ती कुणी वेगळीच बाई असायची.

"आरं आंधळ्या, माघारी बघ की. पक्षी उडवायलेत तिकडं."

"आक्के, तू मधात येऊ नको. माझीच गोळी लागायलीय तुला."

आणि मग ते हसणं. मी खुर्चीत पेपर उघडून बसायचो, पान उलटायचं राहून जायचं. तसा मेहुणा साधा माणूस, मला दाजी म्हणताना आवाजसुद्धा खाली आणतो. त्याच्यावर राग धरावा असं त्यानं कधी काही केलं नाही. केलं असतं तर बरं झालं असतं. मी त्याच्यावर नुसता जळायचो, आणि जळायला कारण काय, तर एका बहिणीनं भावाला आंधळ्या म्हणणं.

पुढं आम्ही सपाट टीव्ही घेतला. गेमची वायर अँटेनाच्या जागी जायची. नव्या टीव्हीवर नुसत्या मुंग्या, आणि मुंग्यांत कुठंतरी टँक. मेहुणा गेम माझ्याकडे ठेवून गेला. दाजी, तुमच्या हातानं काही होतं का बघा, म्हणाला.

काम अवघड नव्हतं. आतल्या बोर्डावरून चित्र सरळ उचलायचं, मध्ये एक ट्रान्झिस्टर आणि दोनचार बारीकसारीक पार्ट घालून टीव्हीच्या पिवळ्या पिनेवर आणायचं. वायर तेवढी आखूड आणि जाळीची लागते, नाहीतर चित्रात उभ्या रेघा येतात. एका दुपारी घरीच बसून केलं. चित्र असं आलं की वीट न् वीट मोजावी.

बायको चहा घेऊन आली. बघत राहिली. कप खाली ठेवला, गेमचा एक रिमोट उचलला, दुसरा माझ्यापुढं केला आणि म्हणाली, "बसा की."

मी बसलो. मला टँक वळवता येईना. माझीच गोळी तिला लागली. या खेळात आपल्याच माणसाची गोळी लागली की टँक जागीच थिजतो. तेवढ्यात पक्षी गेला. ती हसली नाही, चिडली नाही. मला आंधळ्या म्हणाली नाही. माझ्या हातातला रिमोट घेऊन त्याची वायर नीट गुंडाळत म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. त्यो आला की बघू."

ती आत गेल्यावर मी झाकण पुन्हा उघडलं. आखूड वायर काढली. साधी, लांब वायर आवाजाच्या वायरीला पीळ देऊन जोडली. चित्र स्थिर ठेवणारा चिपेजवळचा कंडेन्सरही उपटला. लावून पाहिलं. पडदाभर उभ्या रेघा.

भाऊबीजेला त्या रेघांत गोळ्या दिसेनात. पक्षी लगेच गेला, दुसऱ्यांदाही गेला. मेहुण्यानं विचारलं तेव्हा मी म्हणालो, जुनं मशीन आहे, एवढंच निघतं. त्यानं मान हलवली. दाजी म्हणतात म्हणजे तसंच असणार. बायको मात्र म्हणाली, "मला तर त्या दिवशी साफ दिसलं होतं."

"तवाबी रेघा होत्या," मी म्हणालो. "तुला दिसल्या नसतील."

तिनं रिमोट खाली ठेवला आणि चष्मा काढून पदराला पुसला. त्या दिवशी मेहुणा उन्हं उतरायच्या आत पिंगळीला गेला. गेम आमच्या कपाटावर राहिला. आता तो भाऊबीजेला येतो, जेवतो, जातो. ती त्याला आंधळ्या म्हणत नाही.

मध्यंतरी तिनं डोळे तपासून घ्यायचं काढलं. मीच घेऊन गेलो. डॉक्टर म्हणाले, नंबर आहे तोच आहे, डोळे चांगले आहेत. परत येताना ऑटोत ती म्हणाली, "मग मला त्या दिवशी रेघा कशा काय दिसल्या न्हाईत?"

मी ऑटोवाल्याला पुढचं वळण सांगितलं.

दुकानातून येताना नवा कंडेन्सर आणि जाळीची वायर कधीच आणून ठेवलीय. गुपचूप दुरुस्त करता येईल. पण मग मेहुणा म्हणेल, दाजींनी जमवलं. तेवढं कौतुक ऐकून घ्यायची माझी छाती नाही.

वायर बदलायला अर्धा तास लागतो. मी देणं लागतो ते वेगळंच. त्या दोघांसमोर बसून एवढं सांगायचं: रेघा मी घातल्या, आणि त्या दुपारी तुला दिसलं ते खरं होतं. हे देणं मी अजून फेडलेलं नाही.