बोडीचा तळ

सेवकराम बारा वर्षं कंपनीत पोकलेन चालवत होता. सुटीच्या दिवशीही अंगात कंपनीचाच शर्ट. "आमची कंपनी" म्हणताना त्याची मान ताठ व्हायची. कंपनीने गावची बोडी खोल करायचं ठरवलं, तेव्हा ते काम त्याने स्वतः मागून घेतलं.

बोडी म्हणजे गावचं लहानसं तळं. धानाला शेवटचं पाणी तिथूनच मिळतं.

उन्हाळ्यात गाळ निघाला. काळी चिकणमाती संपत आली, तसे काठच्या पाळीवरून म्हशी राखणारे म्हातारे डोमाजी ओरडले, "बस कर रे सेवक्या! मुरूम फोडला तं पानी थांबत नाही."

सेवकरामलाही ते ठाऊक होतं. त्याने कंपनीच्या साहेबांकडे पाहिलं.

"कामाच्या बोर्डावर पंधरा फूट लिहिलंय," साहेब म्हणाले.

"कंपनीचे इंजिनिअर हायेत, बाबाजी. तुमच्यापक्षा जास्त समजते त्यायले," सेवकराम म्हणाला आणि बकेट खाली सोडली.

पोळ्याला बोडी तुडुंब होती. साहेबांनी पाण्यासमोर सेवकरामचा फोटो त्याच्याच फोनवर काढला. दसऱ्याला तळ उघडा पडला. धान निसवत होतं, शेवटचं पाणी तेव्हाच हवं होतं.

सेवकराम ऑफिसात गेला. "काम पूर्ण झालंय," साहेब म्हणाले. "तू आपला माणूस. गावाला समजाव."

गाव समजलं नाही. तो पानठेल्यावर आला की गप्पा थांबत. बायको शकुनबाई विहिरीवरून एकटीच येऊ लागली.

मग त्याने सुटी टाकली. पाळीवर फेकलेली चिकणमाती घमेल्याने परत तळाशी नेली. शिल्लक डबक्याचं पाणी शिंपलं. आता म्हशी हव्या होत्या. म्हशी लोळल्या, त्यांनी चिखल तुडवला की तळ घट्ट बसतो.

तो डोमाजींकडे गेला.

"म्हशी मांगाले आला का? तुई कंपनी देईन ना!"

तो परतला. शर्ट काढून पाळीवर ठेवला. स्वतःच चिखल तुडवू लागला.

दुपारी फोन वाजला. "सेवकराम, बोडीचा फोटो पाठव. अहवालात टाकायचाय."

"पानी नाही साहेब."

"मग जुना पाठव."

"जुन्यात मी हावो, साहेब. तो नोका टाकू."

"असं काय बोलतोस? तू आपला माणूस ना?"

सेवकरामने फोन कानावरून काढला. फोन बंद झाला.

उन्हं कलली. डोमाजी म्हशी घेऊन पाळीवरून चालले होते. एक म्हैस चिखल पाहून खाली वळली. त्यांनी काठीने तिला परत रस्त्यावर घेतलं.

सेवकराम तुडवत राहिला. चार हात जागा घट्ट झाली होती. बोडी एकराची होती.