गायरानासाठी उचललेला भंडारा
आमच्या पाटलाने धनगरांना फसवले आणि त्यासाठी माझी जीभ वापरली. मेंढरांच्या लेंड्यांचा उग्र वास आला, की निजामाच्या अमलातले ते गायरान डोळ्यांपुढे येते. ते फोडून शेतीला द्यावे की चराईला राखावे, यावरून गावात काठ्या निघाल्या होत्या. मी लोकरीचा व्यापारी, दोन्हीकडे उठबस असलेला. घासाघीस करून मी तोड काढली: धनगरांनी उन्हाळाभर शेतांत फुकट मेंढरे बसवून खत द्यायचे आणि शेतकऱ्यांनी त्यांच्याबरोबर तहसीलदारापुढे ‘गायरान राखा’ म्हणायचे. पाटलाने सगळ्यांच्या वतीने खंडोबाचा भंडारा उचलून शपथ घेतली. “शेठ, तुमच्या शब्दावर मेंढरं बसवायलोत,” म्हातारा धनगर मला म्हणाला, “गायरान गेलं तर आमी जावं कुठं?” उन्हाळा संपता संपता गायरानाचा निकाल द्यायला तहसीलदार आला. पाटील हात जोडून म्हणाला, “हुजूर, गायरान फोडा, समद्यांचं हेच म्हणणं हाय.” मी ओरडलो, “पाटील, भंडारा आठवा!” तो हसला, “भंडारा देवाचा, जमीन सरकारची.” शेतकरी माना खाली घालून बसले. धनगर कळप हाकत पूर्णा नदीकडे निघून गेले. आज तिथे कापूस उभा आहे. पाटील मेला, पण तेव्हा माना खाली घालून बसलेले काही जण अजून पारावर बसतात. त्यांनाच विचारतो: खत तर तुमच्याही शेतात पडले होते; मग त्या दिवशी तोंड का उघडले नाही, याचा जबाब मला द्या.