जीजाजींचा सात वाजताचा मेल

आमच्या जीजाजींइतका पत्त्याचा पक्का माणूस अख्ख्या जबलपुरात सापडणार नाही. डिफेन्सच्या कारखान्यात आयुष्यभर स्टोअर सांभाळल्यामुळे त्यांना कुठलीही वस्तू जागेसकटच आठवते. अधारतालला त्यांच्या घरी जेवताना मी एकदा मीठ मागितलं, तर म्हणाले, "स्वयंपाकघर, उजवं कपाट, दुसरा कप्पा, डावीकडून तिसरा डबा." ताई तोच डबा हातात घेऊन शेजारी उभी होती. रिटायर झाल्यावर लोक सकाळी फिरायला लागतात. जीजाजी पीएचपी ही कॉम्प्युटरची भाषा शिकले. मेलला फाइल जोडायचं साधं बटण दाबणं त्यांना कमीपणाचं वाटे. "बटण तर कोणीही दाबतं, साले साहब. मी प्रोग्राम लिहून राहिलो!"

प्रोग्राम होता लेकीसाठी. माझी ही भाची कॅनडात नर्स आहे. तिच्या ड्युटीमुळे फोनची वेळ जुळेना, आणि मराठी तिला समजते पण वाचता येत नाही. आईचा आवाज रोज तिच्या कानावर पडावा, एवढीच जीजाजींची इच्छा. म्हणून ताईनं दोन मिनिटं काहीबाही बोलायचं, जीजाजींनी ते रेकॉर्ड करायचं आणि सकाळी सातला प्रोग्रामनं मेलला जोडून आपोआप पाठवायचं. रोज उत्तर यायचं, "मिल गया पापा, बहुत अच्छा." ते मला फोनवर वाचून दाखवल्याशिवाय त्यांचा चहा होत नसे.

एका रविवारी त्यांनी माझ्यासमोर प्रोग्रामची नोंद उघडली. रोजची एकच ओळ: फाइल सापडली नाही. मेल जात होता, आवाज घरीच राहत होता! हातानं चालवला की प्रोग्राम आवाजाची फाइल असलेल्या फोल्डरातच असे; सातला आपोआप मात्र तो भलत्याच फोल्डरातून सुरू होई आणि तिथंच फाइल शोधत बसे. जगाला पूर्ण पत्ता सांगणाऱ्या माणसानं फाइलचा पत्ता अर्धाच लिहिला होता. मला हसू आवरेना. जीजाजींचा चेहरा मात्र पार उतरला. त्यांनी लगेच लेकीला फोन लावला.

"फाइल येतच नव्हती, तर मिल गया काहून लिहीत होती तू?"

"बताती तो ठीक होने तक आप मेल ही बंद कर देते, पापा. ड्युटीवरून आलं की तुमचं नाव तर दिसत होतं."

पोरीनं बापाला बरोबर ओळखलं होतं. जीजाजींनी फाइलचा पत्ता पूर्ण केला, आणि दुसऱ्या दिवशी ताईचा आवाज पोचला.

परवा गेलो तर ताईऐवजी तेच रेकॉर्डिंग लावून फोनसमोर बसले होते. "बेटा, मी पापा बोलून राहिलो," एवढं म्हणाले आणि पुढं त्यांना काही सुचेना. हा माणूस मला इतका आपला कधीच वाटला नव्हता. दोन मिनिटं ते तसेच बसून राहिले, आणि ती फाइल त्यांनी तशीच पाठवली.