पुस्तकांच्या गावची सात पुस्तकं

ओमानमधल्या अल खौदच्या आमच्या बाइंडिंगच्या दुकानात विद्यापीठातली पोरं प्रबंध घेऊन यायची. काळं रेक्झिन, वर सोनेरी अक्षरं, संध्याकाळपर्यंत तयार. सगळं काम गोंदाचं आणि मशीनचं. कणकवलीच्या छापखान्यात मी हाताने पुस्तक शिवायला शिकलो होतो, हे इथे नऊ वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. मी आपणहून सगळ्यांना सांगायचो, तो भाग वेगळा.

एके दिवशी विद्यापीठात शिकवणाऱ्या एक फ्रेंच मॅडम सुट्या पानांचं जुनं पुस्तक घेऊन आल्या. हे हाताने शिवून देणारं कुणी आहे का, म्हणाल्या. मी ते त्यांच्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतलं.

त्यांचं माहेर फ्रान्समधलं एक लहानसं गाव. चहूकडे शेतं आणि मेंढ्या, पण गावात ओळीने जुन्या पुस्तकांची दुकानं. लोक लांबून गाड्या करून फक्त पुस्तकं घ्यायला येतात. त्यांच्या वडिलांचंही तिथे दुकान होतं. पुस्तक आजोबांचं, आणि शनिवारी सुट्टीवर जाताना त्यांना ते वडिलांच्या हातात द्यायचं होतं.

"बाबा फार चिकित्सक आहेत," त्या म्हणाल्या.

"मीपण," मी म्हणालो.

आठवडाभर दुपारची झोप सोडून एकेक फर्मा, म्हणजे घडीच्या पानांचा जुडगा, शिवला. चामडं मॅडमनीच आणलेलं, एका पुस्तकापुरतं. गुरुवारी पुस्तक ऐटीत त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी ते हातात घेतलं, उलटून पाहिलं, पुन्हा सुलट केलं. मग मलाही दिसलं. पुस्तक फ्रेंच, पण नाव मागच्या पुठ्ठ्यावर होतं. अरबी पुस्तक उजवीकडून उघडतं, आणि मी नऊ वर्षं रोज अरबी प्रबंध बांधत होतो. हात आपल्या सवयीने चालला होता.

"राहू दे," मॅडम म्हणाल्या. "शिवण सुंदर आहे."

आमचे अर्बाब, म्हणजे दुकानाचे ओमानी मालक, गल्ल्यावरून म्हणाले, "खलास. मॅडम खुश है. दे दो."

"अर्बाब, कल दुकान की चाबी दो," मी म्हणालो. "ये मैं ऐसा नहीं देगा."

शुक्रवारी दुकान बंद असायचं. अर्बाबनी चावी टेबलावर ठेवली. पुस्तकांतच आयुष्य गेलेल्या माणसांच्या गावात माझं काम उलट्या तोंडाने जावं, हे मला सहन होणार नव्हतं.

शुक्रवारी एकटा बसलो. कापसाने सोनं पुसलं, चामडं ओलवून दबलेली अक्षरं वर काढली, मग पुढच्या पुठ्ठ्यावर एकेक खिळा, म्हणजे अक्षराचा ठसा, तापवून नाव पुन्हा उठवलं. डोळ्यांना काही कळत नव्हतं. बोट फिरवलं की मात्र मागे जुनं अक्षर किंचित लागायचं. तेवढं काही केल्या जाईना. पुस्तक देताना मी मॅडमना ते सांगूनही टाकलं.

सुट्टी संपवून त्या आल्या त्या थेट दुकानात.

"बाबांचा अंगठा नेमका तिथेच गेला," त्या म्हणाल्या. "मी काही सांगायच्या आत त्यांनी विचारलं, हा माणूस अरबी पुस्तकं बांधतो का?"

मी मान खाली घातली.

"मग शिवण पाहत बसले. शेजारच्या दुकानदारांना बोलावून दाखवली."

एवढं बोलून त्यांनी बॅग उघडली. आत वेगवेगळी सुतळीने बांधलेली सात जुनी पुस्तकं होती, सगळ्यांची पानं सुटलेली.

"गावात दुकानं खूप आहेत, पण हाताने शिवणारं आता कुणी उरलं नाही. शेवटच्या म्हाताऱ्या बाइंडरने काम बंद केलं. बाबा म्हणाले, त्यालाच दे."

मला बढाई मारायची सवय, पण त्या दिवशी मी नुसती पुस्तकं मोजत बसलो. अर्बाबनी न मागता चावी माझ्यापुढे सरकवली.

मी सातही पुस्तकं टेबलावर मांडली आणि सुतळी सोडण्याआधी प्रत्येकाला कागदाची चिठ्ठी लावली. तिच्यावर पेन्सिलने मोठ्या अक्षरात लिहिलं: डावीकडून उघडतं.